कोर्टात नेलेली पानं

पानं न्यायची नव्हती, बा. घाट उतरताना मी तुला किती वेळा सांगितलं, की भारा दरीत टाक, रिकाम्या हातानं जाऊ. तू ऐकलं नाहीस. वर मलाच म्हणालास, तू शाळेत गेलास, तुला तोंडानं सांगता येतं, मला हातानं सांगावं लागतं. एवढं बोलून तू पुढं निघालास. भांडण तिथंच राहिलं. तू मेलास म्हणून काही ते मिटलेलं नाही. इथं पुण्यात, सातपुड्यापासून इतक्या लांब, ट्रे धुता धुता मी अजून तुझ्याशी तेच भांडतो.

ट्रे कसले, ते सांगतो. तुझ्यामागं मी बरंच हिंडलो. सुरतेला गिरणीत होतो, मग मनमाडला रेल्वेच्या वाघिणी भरल्या, मग एका पुलाच्या कामावर. कुठंच दोन पावसाळे काढले नाहीत. याचे पाय थांबत नाहीत, असं तू म्हणायचास, आई अजून म्हणते. आता एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत हमाल आहे. काचेची भांडी धुतो, कुंड्यांना पाणी घालतो, मुलं झाडंझुडपं बघायला टेकडीवर निघाली की दोरी आणि खुंट्या घेऊन मागून जातो. ती मुलं काय करतात माहीत आहे? गवतावर दोरीनं चौकोन आखतात आणि त्या चौकोनात काय काय उगवलंय ते मोजत बसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, भावाभावांत वाटण्या चालल्यात. जमिनीवर दोरी ताणायचं दुसरं कारण मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या मुलांत एक साताऱ्याकडचा आहे. त्याच्यामुळं हे सगळं परत निघालं. तो सकाळी सायकलवरून दुसऱ्या कॉलेजात कायद्याच्या वर्गाला जातो आणि तिथून धापा टाकत आमच्याकडं येतो, एम.एस्सी.ला. एका वेळी दोन्ही. दोन्हीची मिळून एक पदवी कुठं मिळत नाही, म्हणून तो दोन इमारतींमध्ये पळतो. मित्र त्याला चिडवतात. झाडांचा वकील आला रे, म्हणतात, अशील फी देणार का नुसती सावली? त्याच्या सरांनाही हे पसंत नाही. दोन दगडांवर पाय ठेवणारा पाण्यात पडतो, असं ते त्याला माझ्यादेखत म्हणाले. हा म्हणाला, सर, पाण्यात काय आहे तेच तर बघायचंय.

मी त्याला एकदा विचारलं, की माती, पाणी, झाडं आणि कायदा हे एकत्र शिकायचं खूळ कुठून काढलं. तर म्हणाला, त्यांच्या गावात ओढ्याच्या पाण्यावरून मारामारी झाली, मग वर्षानुवर्षं खटला चालला, दोन्हीकडचे वकील हुशार, आणि त्यातल्या कुणीही एकदा जाऊन ओढा पाहिला नाही. मधल्या काळात ओढा आटूनही गेला. खटला चालूच. तो हे हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. मी त्याला तुझं सांगितलं.

आधी पाट समजावून द्यावा लागला. पाणी खाली आणि शेत वर, मग ते वर जातं कसं, हे त्याला पटेना. मी जमिनीवर खडूनं डोंगर काढला आणि सांगत गेलो. पावसाळा सरलाय. नाला बारीक झालाय. घरटी एक माणूस फावडं नाहीतर पहार घेऊन आलाय, आणि तू सगळ्यांच्या पुढं आहेस. लांब वर, जिथं नाला खडकातून उतरतो, तिथं धोंडे रचून बांध घालायचा आणि तिथून डोंगराच्या कुशीनं पाट काढत आणायचा, पार आपल्या शेतांपर्यंत. खालून बघणाऱ्याला वाटतं पाणी चढावर चाललंय. तुझ्याकडं ना पट्टी, ना दोरी. तू थोडं खणतोस, ओंजळभर पाणी सोडतोस, ते कुठं वळतं ते बघतोस, मग पुढं खणतोस. बांधाच्या धोंड्यांतून पाणी गळू नये म्हणून सागाची पानं एकावर एक, कौलं घालतात तशी, आणि त्यावर चिखल. बांध भरला की कोंबडं, मोहाची धार, आणि मग गव्हाला, हरभऱ्याला पाळीपाळीनं पाणी. ज्या घरचं कुणी पाटावर कामाला आलं नाही त्या घराला पाळी नाही. पण घरात एकटी बाईच उरली असेल, तर तिच्या वाटचं खणणं शेजाऱ्यांनी करायचं, आणि तिची पाळी सगळ्यांच्या आधी. साताऱ्याच्या मुलानं इथं मला थांबवलं. म्हणाला, "हा तर कायदा झाला." मी म्हणालो, मी पाटाचं सांगतोय. तो म्हणाला, "मीपण."

पुढचं तुला माहीत आहे, पण तू तुझ्या बाजूनं पाहिलंस, मी माझ्या बाजूनं सांगतो. त्या वर्षी नाकेदार नवा आला होता. जुन्याला जंगल राखायचं आणि आपल्याशीही राखायचं जमायचं. बांधाचे दिवस आले की तो मोलगीच्या बाजाराला जायचा आणि तिकडंच रमायचा. नव्याला सागाचं पान म्हणजे सरकारचं पान. त्यानं तुझा भारा धरला, कागदावर अंगठा घेतला, आणि काही दिवसांनी कोर्टाचं बोलावणं आलं. पाडा घाबरला. तू मात्र खूश. तुझं म्हणणं असं, की इतक्या लांबून एवढा मोठा माणूस बोलावतो म्हणजे त्याला पाट कसा करतात ते कळून घ्यायचं असणार. काकानं डोक्याला हात लावला. तू आदल्या दिवशी जंगलात जाऊन ताजी, मोठाली, बिनभोकाची पानं निवडून आणलीस, सालीच्या दोरीनं भारा बांधलास, आणि आपण घाट उतरायला लागलो.

मुंबई राज्य होतं तेव्हा. तालुक्याच्या गावी कौलारू कोर्ट, बाहेर कडुनिंब. साहेब मराठी बोलतात, ती तुला येत नाही. पट्टेवाला अहिराणी बोलतो, ती तुला बाजारापुरती येते. म्हणून मला पुढं केलंय. मला नुकतं मिसरूड फुटतंय आणि तीन इयत्ता झाल्यात. साहेब विचारतात, पानं तोडली का? मी तुला आपल्या बोलीत विचारतो. तू तोंडानं उत्तर देतच नाहीस. भारा सोडतोस. फरशीवर उकिडवा बसतोस आणि पानं लावायला लागतोस, पाठ वर, देठ पाण्याच्या अंगाला, एकाच्या कडेवर दुसरं. मग मान वर करून मला म्हणतोस, त्यांना सांग, थोडा चिखल आणि तांब्याभर पाणी मागवा. मी सांगितलं. सगळी खोली हसली. पट्टेवाला कारकुनाकडं वळून म्हणाला, "हाऊ ते मुद्देमाल सोताच लई उना भो." म्हणजे, पुरावा यानं स्वतःच आणलाय.

साहेब बरा माणूस होता, हे मी आजही म्हणतो. त्यांनी हसू आवरलं. पानं केव्हाची आहेत, एवढंच विचारलं. तू म्हणालास, कालची. शिळी पानं वाकत नाहीत, चिरतात. मी तेही शब्दाला शब्द सांगितलं. नाकेदारानं धरलेला भारा तोवर वाळून चुरा झाला होता. त्याच्याकडं दाखवायला काही उरलं नव्हतं, हे मला बाहेर कडुनिंबाखाली एका वकिलाच्या माणसानं सांगितलं. म्हणजे तू रिकाम्या हातानं उभा राहिला असतास, तर कदाचित त्याच संध्याकाळी आपण घाट चढलो असतो. म्हणून मी भांडतो.

त्यांनी तुला आत घातलं तेव्हाही तू नाराज दिसला नाहीस. फक्त मला म्हणालास, साहेबाला पाणी मागवायचं सुचलं नाही, पाण्याशिवाय त्याला कळणार कसं? तू सुटून आलास तोवर नाला आणखी उतरला होता. तुझ्यावाचून बांध कुणाला नीट लागला नाही. गहू वितभर वाढून पिवळा पडला. पुढच्या वर्षी पानाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, आणि पानांशिवाय बांध धरेना. पाटात गवत माजलं. मग तू जंगल तोडायच्या कामावर गेलास. ज्या सागाचं पान घेतलं म्हणून आत बसलास, तोच साग बुंध्यापासून पाडायला सरकार तुला रोजंदारी देत होतं. हे तुला विचित्र वाटलं की नाही, मला कधी कळलं नाही. त्याच कामावर ताप भरला आणि तू गेलास.

साताऱ्याच्या मुलानं ऐकून हळहळ केली नाही, ते मला बरं वाटलं. त्यानं विचारलं, सागच का? पळस का नाही? पळसाचं पान रुंद असतं, त्याच्या पत्रावळी होतात, तुमच्याकडं पळस रानोमाळ आहे असं तूच सांगतोस, आणि त्यावर नाकेदाराचा एवढा डोळाही नसणार. मला राग आला. मी म्हणालो, माझा बाप खुळा नव्हता. तो म्हणाला, "खुळा कोण म्हणतंय? मी 'का?' असं विचारतोय." त्या दोन्हींत फरक आहे हे माझ्या डोक्यात शिरायला काही दिवस गेले. पण एकदा शिरलं ते निघेना. खरंच, बा, पळस का नाही? तू कधी लावून पाहिला होतास का? तुझ्या बापानं पाहिला होता का? का सागच लावायचा म्हणून सागच लावायचा?

मग आम्ही ते करून पाहिलं. प्रयोगशाळेमागं नळ आहे, तिथं पत्र्याचे ट्रे तिरके मांडले. मी दगड रचले, तुझ्यासारखे. एकात नुसता चिखल, एकात सागाची पानं आणि चिखल, एकात पळसाची आणि चिखल. खाली काचेची मापं ठेवली, किती गळतं ते बघायला. साग वसतिगृहामागं मिळाला, पळस टेकडीवर. मी रोज झाडू मारायच्या आधी तिथं जायचो. नुसत्या चिखलाचा ट्रे भळाभळा गळला, तेव्हा मी असा खूश झालो, जसा काही तूच जिंकलास. पण साग आणि पळस सारखेच. जवळजवळ थेंबाला थेंब. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढं पुढं सागाचा ट्रे किंचित कमी गळतोय असं मला वाटायला लागलं. साताऱ्याचा म्हणाला, "तुला तसं हवंय म्हणून वाटतंय. मापात दिसत नाही." त्यानं स्वतःचं डोकं लावून सांगितलं, की पाण्यात पळस लवकर कुजत असेल, साग टिकत असेल, पण हे बघायला पूर्ण हंगाम ट्रे भरलेले ठेवावे लागतील. तेवढ्यात त्याची कायद्याची परीक्षा आली, आणि प्राचार्य फेरीला येणार म्हणून माळ्यानं सगळे ट्रे उलटे करून ओळीनं मांडले. छान दिसत होते.

कायद्याच्या अंगानंही त्यानं विचारून पाहिलं. तिकडचे त्याचे सर म्हणाले, डोंगरातल्या लोकांना शेतीपुरतं जंगलातून काही नेऊ देण्याची सवलत असते, पण त्या भागाचे त्या काळचे नियम पाहिल्याशिवाय बोलता येणार नाही. आणि पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या पाण्यावरही हक्क सांगता येतो, पण तो मांडावा लागतो, न मांडता कुणी देत नाही. म्हणजे बघ, तुझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही होतं, कदाचित. तुझ्याविरुद्धही होतं, कदाचित, ते पळसाचं. दोन्ही ठाऊक असलेला एखादा माणूस त्या खोलीत असता, तर साहेबांना म्हणाला असता, एक दिवस वर येऊन बांध बघा आणि मग लिहा. आणि तुलाही म्हणाला असता, पुढच्या साली थोडा पळस लावून बघ. असा माणूस तिथं नव्हता. इथंही मला एकच भेटलाय, आणि तो सदा सायकलवर असतो.

आता धाकट्याचं. तू गेलास तेव्हा शेंबडा होता, तुझ्या खांद्यावरून उतरायचा नाही. तो मॅट्रिक झाला, बा. खाली शहाद्याकडं वसतिगृहात राहून. आपल्या पाड्यावरचा पहिला. काका म्हणतो, पोराला वकील करा, म्हणजे परत आपल्याला कोर्टात कुणी हसणार नाही. पोराचं मन दगडामातीत आहे. तोरणमाळच्या तळ्यात उन्हाळ्यातही पाणी कुठून येतं, हे विचारून त्यानं गुरुजींना हैराण केलं होतं. निकाल लागला तसा तो माझ्याकडं आला, कुठल्या शाखेत नाव घालायचं ते ठरवायला. मी त्याला साताऱ्याच्या मुलापुढं बसवलं. त्या मुलानं रस्ता सांगितला, आधी बी.एस्सी., मग दोन्ही एकदम, सकाळी कायदा आणि दिवसा शास्त्र. लांबचा रस्ता आहे. नुसती वकिली याहून लवकर होते, नुसतं शास्त्रही. धाकटा म्हणाला, मला एकच द्या कुठलं तरी, पुरं होईल असं. साताऱ्याचा हसला आणि म्हणाला, शहाणा आहेस. मग मीच बोलायला लागलो. इतकं बोललो, की मला माझंच नवल वाटलं. ओढ्याचं, ट्रेचं, उकिडव्या बसलेल्या तुझं, सगळं सांगितलं. तुझं हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. घरी कुणी तो विषय काढत नाही. तो ऐकत राहिला, चहा निवला.

एक गोष्ट त्याला ठाऊक होती आणि मी ती बोलत नव्हतो. मनमाडचा माझा जुना मुकादम उत्तरेकडं एका मोठ्या धरणावर माणसं नेतोय. मी त्याला हो म्हणालो होतो. ट्रंक बांधून ठेवली होती, धाकटा तिच्यावरच बसला होता. मला ते धरण बघायचं होतं, बा. एवढं पाणी अडवतात आणि ते गळत नाही, ते कसं? भिंतीच्या आत शिरून बघता येतं म्हणतात. पण तिकडं पगाराचा नेम नाही, मुकादमाचा तर नाहीच, आणि शिकणाऱ्याला दर महिन्याला लागतं. वसतिगृहात जेवण मिळेल, बाकीचं मिळणार नाही. धाकट्यानं ट्रंकेवर बोटं वाजवली आणि विचारलं, "दादा, इतकी वर्षं तू एका जागी राहशील?"

मी म्हणालो, राहीन.

तो माझ्याकडं बघत राहिला. असा बघतो, की तूच आठवतोस. ओंजळभर पाणी सोडून ते कुठं वळतं ते बघायचास, तसा. मग म्हणाला, "मग दोन्ही." आणि निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला निरोप धाडला. त्यानं उलट निरोप पाठवला, की तुझ्यासारखा भिंगरीपाय एका जागी राहिला तर मी मिशी उतरवीन. त्याला मिशी नाही.

हा कागद कुठं टाकायचा नाही, तुझा ठिकाणा पोस्टाला ठाऊक नाही. म्हणून धाकट्याला जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. राहीन म्हणताना मला मनातून वाटत होतं, हा आता म्हणेल, नको दादा, मी वकिलीच करतो. तसं म्हणाला असता तर मी त्याच आठवड्यात उत्तरेच्या गाडीत बसलो असतो आणि वर म्हटलं असतं, की मी तर तयार होतो, त्यालाच नको होतं. तो दोन्ही म्हणाला आणि मला बांधलेली ट्रंक सोडावी लागली. अजून कधी कधी गाडीची वेळ झाली की उठून दारात जातो, उभा राहतो, परत येतो. त्याचं शिकणं कधी संपेल हे मी मोजत नाही. तिकडं आपल्या जिल्ह्याच्या गावी कॉलेजात त्याचं शास्त्र शाखेत नाव लागलंय. उद्या पगार आहे, परस्पर पोस्टात जाऊन त्याला मनीऑर्डर करतो. बेचाळीस रुपये.